काळ्या पाषाणाखालचा शोध : भूकंपलहरींची पाहणी आणि वऱ्हाडचा प्रश्न

१

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा सोडल्यावर चांदूर व त्यापुढे धामणगाव ही स्थानके लागतात. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेचा हा मुलूख कापसाचा आणि काळ्या जमिनीचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण हा क्रम येथे विहीर खोदणारास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या पाषाणाच्याही खाली काय आहे, हे मात्र विहीर खोदून समजत नाही. कारण पाणी लागले की खोदणे थांबते आणि पाषाण तर कित्येक ठिकाणी शेकडो मीटर खोल गेलेला असतो.

या काळ्या पाषाणास भूविज्ञानात ‘दक्षिण ट्रॅप’ म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या भेगांतून वारंवार बाहेर आलेला लाव्हा थरावर थर साचून थिजला आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने झाकून टाकला. खनिज तेल व नैसर्गिक वायू हे पदार्थ साधारणतः गाळाच्या खडकांत सापडतात, लाव्हाच्या खडकांत सहसा नाही. यास्तव महाराष्ट्रात तेल असण्याचा संभव नाही असे एके काळी सरसकट मानले जाई. पुढे भूकंपलहरींच्या साहाय्याने जमिनीच्या पोटात डोकावण्याची विद्या आली, आणि याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रतळाखाली देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र सापडले. त्याच विद्येला जमिनीवर, विशेषतः वऱ्हाड-खानदेशात, तसे यश लाभले नाही.

एकाच पद्धतीचे असे दोन भिन्न परिणाम का झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन विधाने भिन्न आहेत. वऱ्हाडच्या बाबतीत ती एकत्र मिसळली गेल्याने विचाराचा बराच गोंधळ झालेला दिसतो.

२

भूकंपलहरींचा अभ्यास मुळात तेलासाठी सुरू झालेला नव्हता. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅलेट याने १८४९ च्या सुमारास बंदुकीच्या दारूचे स्फोट घडवून, जमिनीतून जाणाऱ्या कंपनांचा वेग मोजण्याचे प्रयोग केले. नैसर्गिक भूकंपाची वाट न पाहता कृत्रिम कंप निर्माण करता येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. जर्मनीतील लुडगर मिंट्रोप याने १९१९ साली या तत्त्वावर खडकांची रचना ठरविण्याच्या पद्धतीचे एकस्व मागितले. त्याच्या संस्थेच्या पथकांनी १९२४ च्या सुमारास अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात मिठाचे घुमट शोधून काढले, आणि त्या घुमटांच्या आश्रयाने तेल सापडू लागले. ही वक्रीभवनाची पद्धत होय. खालच्या कठीण थरात शिरून त्याच्या कडेने धावत पुन्हा वर येणारी लहर तीत मोजली जाते.

दुसरी पद्धत परावर्तनाची. दोन भिन्न खडकांच्या सीमेवर आपटून परत येणारा लहरीचा अंश तीत टिपला जातो. जे. सी. कार्चर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२१ साली ओक्लाहोमा प्रांतात हिचे पहिले यशस्वी प्रयोग केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिच्या आधाराने तेलविहिरी खोदल्या जाऊ लागल्या. पुढील काळातील पाहण्यांचा मुख्य भार याच पद्धतीने वाहिला.

पद्धतीचे गणित साधे आहे. जमिनीत लहान छिद्र पाडून त्यात स्फोट घडवितात, किंवा कंपन निर्माण करणारे अवजड वाहन उभे करतात. ठराविक अंतरावर मांडलेली जिओफोन नावाची संवेदनशील उपकरणे परतलेल्या लहरी टिपतात. लहर जाऊन येण्यास ०.२ सेकंद लागले आणि खडकातील तिचा वेग सेकंदास ५ किलोमीटर असला, तर परावर्तन करणारी सीमा ५०० मीटर खोल आहे असे निघते. अडचण वेगाच्या अंदाजात आहे. खडक मऊ असून वेग ३.५ किलोमीटर असेल, तर तेवढ्याच वेळात लहर केवळ ३५० मीटर खोल जाऊन परत येईल. काळ यंत्र मोजते; वेग मात्र अभ्यासकास अन्य पुराव्यावरून ठरवावा लागतो.

येथे एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घेतली पाहिजे. या पाहणीत तेल ‘दिसत’ नाही. दिसतो तो थरांचा आकार. तेल साठण्यास चार गोष्टी जुळून याव्या लागतात : सेंद्रिय द्रव्याने युक्त असा जनक खडक, तेल सामावून घेणारा सच्छिद्र खडक, वरून झाकणारा अभेद्य थर आणि तेल निसटू न देणारी घुमटासारखी वा विभंगाने अडविलेली रचना. या शेवटच्या रचनेस इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा म्हणतात. दक्षिण ट्रॅपमधील ‘ट्रॅप’ हा शब्द मात्र जिन्याच्या पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. शब्द एकच भासला तरी एक तेलाचा सापळा आहे व दुसरा डोंगरांचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार. भूकंपलहरींची पाहणी चार अटींपैकी सापळ्याविषयी पुष्कळ सांगते, सच्छिद्र व अभेद्य थरांविषयी थोडेफार सांगते, आणि सापळ्यात तेल आहे की पाणी याविषयी क्वचितच खात्रीने बोलते. १९७० नंतर परावर्तनाच्या तीव्रतेवरून वायूचे अस्तित्व ओळखण्याच्या रीती निघाल्या. तरीही अंतिम निर्णय विहिरीचाच राहिला.

३

भारतात आसामातील दिगबोईची पहिली विहीर १८८९ च्या सुमाराची. तेथील तेलाची चाहूल जमिनीवर झिरपणाऱ्या तेलाने दिली होती. गाळाने झाकलेल्या सपाट प्रदेशात मात्र अशी चाहूल लागत नाही. ब्रह्मपुत्रेच्या गाळाखाली नाहरकटिया येथे १९५३ साली तेल सापडले, तेव्हा भूभौतिकी पाहणीचे मोल प्रथमच ठळकपणे दिसले.

स्वातंत्र्यानंतर केशवदेव मालवीय यांच्या आग्रहाने तेलशोध हा शासनाचा कार्यक्रम झाला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली आणि सोव्हिएट तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. खंबायतच्या परिसरात लुणेज येथे १९५८ साली व अंकलेश्वर येथे १९६० साली तेल लागले. या दोन्ही ठिकाणी दक्षिण ट्रॅप आहे. परंतु तो तळाशी आहे. त्याच्यावर नंतरच्या काळातील गाळाचे जाड थर साचले आणि तेल त्या थरांत आहे. भूकंपलहरी वरच्या मऊ थरांतून सहज खाली जातात व ट्रॅपच्या कठीण पृष्ठावरून ठळकपणे परततात. म्हणजे गुजरातेत काळा पाषाण संशोधकास अडथळा झाला नाही; उलट खालची हद्द दाखविणारी खूण म्हणून तो उपयोगी पडला.

हाच अनुभव समुद्रात अधिक मोठ्या प्रमाणावर आला. ‘अकॅडेमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएट जहाजावरून १९६४ ते १९६७ या काळात खंबायतचे आखात व त्यालगतचा समुद्र यांची भूकंपलहरींनी पाहणी झाली. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे लहरींच्या नोंदींत आढळले. १९७२ साली तपशीलवार पाहणी झाली. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने १९७४ च्या आरंभी तेथे पहिली विहीर खोदण्यास सुरुवात केली आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हेच ‘बॉम्बे हाय’ क्षेत्र होय. येथील मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे. त्याच्या तळाशी काही भागांत दक्षिण ट्रॅप व काही भागांत त्याहून प्राचीन खडक आहेत.

नोंदींत उंचवटा दिसल्यापासून तेल लागेपर्यंत सात ते दहा वर्षे गेली. उंचवटा दिसला म्हणजे तेल सापडले असे नव्हे, हे तज्ज्ञांना चांगले ठाऊक होते. मध्यंतरी १९७० साली खंबायतच्या आखातात अलियाबेट येथे समुद्रातील पहिल्या वेधनाचा प्रयत्न झाला. त्यातून व्यापारी उत्पादन निघाले नाही. लहरींनी दाखविलेल्या प्रत्येक घुमटात तेल असतेच असे नाही, याचा हा धडा बॉम्बे हायच्या यशाआधीच मिळालेला होता.

४

जमिनीवरील महाराष्ट्रात परिस्थिती उलटी आहे. येथे काळा पाषाण तळ नसून छप्पर आहे. गाळाचे खडक असलेच तर ते त्याच्या खाली, आणि तेथवर लहर पोहोचणे व परत येणे हे दोन्ही दुष्कर आहे.

याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, काळ्या पाषाणाचा थर एकसंध नाही. एक लाव्हाप्रवाह कठीण व भरीव, दुसरा पोकळ्यांनी भरलेला, आणि दोहोंमध्ये कोठे तांबड्या मातीचा, कोठे गोड्या पाण्यातील गाळाचा पातळ पट्टा. स्टीफन हिस्लॉप याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या सीताबर्डी टेकडीत व आसपास असे गाळाचे पट्टे व त्यांतील जीवाश्म पाहून त्यांचे वर्णन केले होते. जीवाश्म शोधणारास जे धन, तेच लहरी मोजणारास संकट ठरते. प्रत्येक सीमेवर लहरीचा काही अंश परत फिरतो, थराथरांत पुनःपुन्हा आपटतो आणि खऱ्या खोल परावर्तनावर खोट्या परावर्तनांचा पडदा पडतो.

दुसरे कारण ऊर्जेचे. वरची माती व मुरूम मऊ, पाषाण कठीण. त्यांच्या सीमेवरच लहरीचा मोठा अंश मागे फिरतो. खाली जो शिरतो तो पोकळ्यांत विखुरतो, आणि खालच्या सीमेवरून परतणारा अंश फारच क्षीण उरतो.

तिसरे कारण सर्वांत मूलभूत असून ते वक्रीभवनाच्या पद्धतीस लागू पडते. ट्रॅपमध्ये लहरीचा वेग सेकंदास सुमारे ५ किलोमीटर, त्याखाली गाळाचे खडक असल्यास त्यांत साधारण ३ ते ४ किलोमीटर आणि तळाच्या ग्रॅनाइटात सुमारे ६ किलोमीटर असतो. खालचा थर वरच्याहून वेगवान असेल तरच लहर त्याच्या कडेने धावून वर येते. वेगवान ट्रॅपखाली मंद गाळाचा थर असेल, तर त्याच्या पृष्ठावरून अशी लहर येतच नाही. तो थर नोंदीतून लपून राहतो. एवढेच नव्हे, तर त्याचे अस्तित्व ध्यानात न घेतल्यास तळाचा खडक प्रत्यक्षाहून अधिक खोल आहे असे उत्तर निघते. म्हणजे गाळ असूनही ‘येथे केवळ जाड ट्रॅप आहे’ असा निष्कर्ष पूर्ण प्रामाणिकपणे निघू शकतो. ‘आढळले नाही’ यावरून ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याचे शास्त्रीय कारण हे आहे.

५

या लपलेल्या थराचा माग ज्या प्रयत्नांतून लागला, ते तेलासाठी केलेले नव्हते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा विनाशक भूकंप झाला. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातील भूकवचाची रचना समजून घेण्याची निकड भासली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७२ पासून सोव्हिएट सहकार्याने खोल भूकंपीय पाहणीचे तंत्र देशात आणले होते. कृष्णलाल कैला यांच्या नेतृत्वाखालील पथकाने १९७० च्या दशकाच्या मध्यास गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर पाहणी केली. पश्चिमेकडे ट्रॅपची जाडी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत असून पूर्वेकडे ती कमी होत जाते, असे दिसून आले. त्याखाली जाड गाळाच्या खडकांचा पुरावा मिळाला नाही.

पुढे नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या अनेक रेषांवर असेच काम झाले. त्यांतील तिन्हींचा दक्षिण टोकाकडील भाग महाराष्ट्रात येतो. एक थुआदरा-सेंधवा-सिंदाड रेषा, खानदेशापर्यंत. दुसरी उज्जैन-महान, अकोला जिल्ह्यापर्यंत. तिसरी खजुरियाकलान-पुलगाव, ती बैतुल व मुलताईवरून वर्धा जिल्ह्यात उतरते. पुलगाव हे धामणगावच्या पूर्वेस, वर्धा नदीच्या पलीकडचे स्थानक. म्हणजे भूकवचाच्या ४० किलोमीटर खोल तळापर्यंतचा वेध घेणारी ही रेषा धामणगावच्या उंबरठ्याशी येऊन थांबलेली आहे.

खानदेशाच्या दिशेने येणाऱ्या रेषेवर कैला व सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ट्रॅपमधून धावणारी लहर काही अंतरानंतर एकाएकी क्षीण होऊन नाहीशी होते, आणि तळाच्या खडकातून येणारी लहर अपेक्षेहून उशिरा उगवते. हा खंड व हा विलंब ट्रॅपखाली मंद वेगाचा थर असल्याखेरीज समाधानकारक रीतीने स्पष्ट होत नव्हता. विस्तीर्ण कोनातून परतलेल्या लहरींचे गणित जोडून, नर्मदा-तापी प्रदेशात ट्रॅपखाली मध्यजीव महाकल्पातील गाळाची द्रोणी दडलेली आहे आणि काही ठिकाणी तिची जाडी हजार मीटरांहून अधिक आहे, असा निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाला. लपलेला थर ज्या अभावामुळे लपतो, त्या अभावाचेच येथे चिन्ह झाले.

यानंतर केवळ भूकंपलहरींवर विसंबून राहण्याची रीत मागे पडली. ट्रॅप विजेस बराच विरोध करतो, तर खारे पाणी धरून ठेवणारे गाळाचे खडक ती सुलभपणे वाहू देतात. म्हणून विद्युत्-चुंबकीय मापने आणि त्यांच्या जोडीस गुरुत्वमापने यांचा पुरावा एकत्र तपासण्याकडे कल झाला.

६

लहरींच्या अनुमानास प्रत्यक्ष वेधनाची जोड कोठे मिळाली? तेलासाठी नसलेल्या दोन विहिरींनी या बाबतीत मोलाचा पुरावा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटर ट्रॅपखाली केवळ ८ मीटर गाळाचा थर लागला आणि त्यानंतर प्राचीन ग्रॅनाइटी खडक सुरू झाला. कोयना परिसरात २०१२ च्या अखेरीस सुरू झालेल्या वेधनात रासाटी येथे सुमारे ९३३ मीटर ट्रॅप संपताच थेट ग्रॅनाइटी खडक आला. मध्ये गाळ नव्हता. कोयनेच्या रेषांवरून काढलेले अनुमान येथे खरे ठरले. यावरून, ट्रॅपखाली सर्वत्र गाळाचे खडक पसरले आहेत ही आशावादी कल्पनाही टिकत नाही.

वऱ्हाडच्या पूर्व व उत्तर सीमांवरील पुरावा मात्र निराळ्या दिशेने बोट दाखवितो. आग्नेयेस वर्धा खोऱ्यात, वणी-वरोऱ्याच्या परिसरात, कोळसा धारण करणारे गोंडवन खडक उघडे आहेत. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, इंजिनांस कोळसा हवा झाला, आणि १८७० च्या दशकात वरोऱ्याची खाण चालू झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस याने १८७७ साली या क्षेत्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. येथील कोळशाचे थर काही भागांत ट्रॅपच्या आवरणाखाली शिरलेले आहेत. दुसरीकडे, अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस सालबर्डी व बेलखेड परिसरात ट्रॅप झिजून गेलेल्या लहानशा जागी गोंडवन व लामेटा खडक पुन्हा दृष्टीस पडतात. धामणगावचा मुलूख या दोन उघड्या जागांच्या साधारण मध्यावर येतो. मधल्या ट्रॅपखाली गोंडवन खडकांची साखळी सलग आहे, तुटक आहे की मुळीच नाही, हा वऱ्हाडच्या भूविज्ञानातील खरा प्रश्न होय. ती असली तरी त्यात तेल वा वायू असेल, हे त्याने सिद्ध होत नाही. लाव्हाच्या उष्णतेने जनक खडकातील सेंद्रिय द्रव्याचे काय झाले, हा आणखी वेगळा प्रश्न शिल्लक राहतो.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा उल्लेखही या संदर्भात केला जातो. परंतु तेथील खारेपणा ट्रॅपवर नंतर साचलेल्या जाड गाळातील पाण्याचा आहे. ट्रॅपखालच्या तेलाशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही.

७

शासकीय वर्गीकरणात ‘दक्षिण सिनेक्लाइझ’ या नावाने हा सारा प्रदेश देशाच्या २६ गाळद्रोणींत गणला गेला आहे. परंतु तीन वर्गांपैकी तिसऱ्या वर्गात, म्हणजे जेथे शोध लागावयाचा आहे अशा द्रोणींत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रमात, पूर्वी नीट न तपासलेल्या द्रोणींत मिळून ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषांवर पाहणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. अशा पाहणीची तार एखाद्या गावच्या शिवारातून जाऊ लागली की तेल सापडल्याची आवई उठते. पथक निघून गेले की काही नव्हते असे ठरते. लहरींच्या इतिहासाचा विचार करता हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या प्रदेशातील तशाच जाड लाव्हाखाली, १९८० च्या दशकात खोल विहिरी घेण्यात आल्या. लाव्हा संपल्यावर गाळाचे खडक मिळाले, वायूची चिन्हेही मिळाली. व्यापारी साठा मिळाला नाही. त्या विहिरींनी तेल दिले नसले तरी लहरींच्या नोंदी वाचण्यास लागणारे खरे वेग दिले. दहा रेषा जे सांगू शकत नाहीत ते पाषाण भेदून गेलेले एक छिद्र सांगते, आणि त्या छिद्राच्या आधाराने जुन्या रेषाही नव्याने वाचता येतात. गुजरातेत व बॉम्बे हायला हा क्रम पूर्ण झाला : आधी रेषा, मग विहीर, मग विहिरीच्या प्रकाशात पुन्हा रेषा. किल्लारी व कोयना येथे तो भूकंपाच्या निमित्ताने घडला. वऱ्हाडात रेषा महान व पुलगाव येथवर आल्या आहेत.

सारांश, वऱ्हाडच्या काळ्या पाषाणाखाली तेल आहे असे म्हणण्यास आज पुरावा नाही, आणि तेथे गाळाचे खडकच नाहीत असे म्हणण्यासही नाही. पहिल्या विधानाचा मोह लोकांस पडतो, दुसऱ्याचा कधी कधी शास्त्रज्ञांस. कोणत्या रेषेवर कोणत्या पद्धतीने मोजले, कोणता वेग गृहीत धरला आणि कोणता थर त्या पद्धतीस दिसणेच शक्य नव्हते, याची नोंद निष्कर्षाइतकीच काळजीपूर्वक जपली गेली, तर धामणगावच्या विहिरीत काळा पाषाण लागल्यावर थांबणारा प्रश्न पुढच्या पिढीस योग्य जागेपासून पुढे नेता येईल.